घोडा तोच, जमीन वेगळी! (घर्षण बल शिकवताना)



घर्षण शिकवताना आपण टेबलावर पुस्तक सरकवून दाखवतो आणि पुढे जातो. आज जरा वेगळं उदाहरण पाहूया, घोड्यांच्या शर्यतीचं. (पैज लावणं हा आपला विषय नाही, हे मुलांना आधीच सांगा.)

घोडा पुढे कसा जातो?

घोडा खुराने जमीन मागे ढकलतो, जमीन त्याला पुढे ढकलते. पकड मिळाली नाही तर खूर घसरतो. जमीन फार मऊ असेल तर खूर रुततो आणि तो वर काढण्यातच ताकद जाते.

धावपट्टीचे तीन प्रकार

१. गवताची : मुंबईचं महालक्ष्मी आणि पुण्याचा रेसकोर्स अशा आहेत. पुण्यातल्या शर्यती पावसाळ्यात होतात, म्हणून जमीन किती मऊ आहे हे महत्त्वाचं. त्यासाठी पेनेट्रोमीटर वापरतात. त्याचं टोक जमिनीत किती खोल जातं ते मोजायचं, बस्स! कोरड्या पट्टीवर वेग मिळतो, पण पायांना हादरे बसतात. ओल्या पट्टीवर वेळ जास्त लागतो आणि दमदार घोडा बाजी मारतो.

२. माती-वाळूची : अमेरिकेतली प्रसिद्ध केंटकी डर्बी अशा पट्टीवर होते. मागच्या घोड्यांच्या तोंडावर माती उडते, त्यामुळे सुरुवातीपासून पुढे राहणाऱ्याला फायदा होतो.

३. कृत्रिम : वाळूत मेण आणि धागे मिसळलेले असतात. पाणी लवकर झिरपतं, म्हणून पावसाने फारसा फरक पडत नाही.

सिगारची गोष्ट

सिगार हा अमेरिकेतला घोडा. सुरुवातीला त्याला गवतावर पळवत, पण यश बेताचंच. ऑक्टोबर १९९४ मध्ये त्याला मातीच्या पट्टीवर उतरवलं आणि तो जिंकला. मग जिंकतच गेला, सलग १६ शर्यती! १९९६ चा पहिला दुबई वर्ल्ड कपही त्यानेच जिंकला.

करून पाहा

गवत, कोरडी माती आणि लांब उडीचा वाळूचा खड्डा निवडा. वाळूच्या खड्ड्यात मावेल एवढंच अंतर तिन्हीकडे घ्या. एकाच मुलाला तेच बूट घालून प्रत्येक ठिकाणी तीन वेळा पळवा, मधे विश्रांती द्या. मोबाईलवर वेळ मोजा, सरासरी काढा. बाकी सगळं तेच, फक्त जमीन बदलली, हे मुलांच्याच तोंडून येऊ द्या. निसरड्या चिखलात मात्र पळवू नका.

जाता जाता

सिगारला गवतावरच ठेवलं असतं, तर "साधारण घोडा" हाच शिक्का राहिला असता. आपल्या वर्गातही लेखी परीक्षेत मागे पडणारं एखादं मूल तोंडी उत्तरात किंवा प्रयोगात सगळ्यांच्या पुढे असतं. प्रगतिपुस्तकावर शेरा लिहिण्याआधी, पालकांनी तो वाचून मुलाला रागावण्याआधी, एवढं विचारूया : आपण त्याला दुसऱ्या जमिनीवर पळवून पाहिलंय का?