बाळाच्या वाटीत किती वाढायचं?

सहा महिने भरले, उष्टावण झालं, आता बाळाची रोजची वाटी सुरू. चला, ओट्याशी उभे राहू आणि एकेक पायरी करू.

साहित्य: तांदूळ-मूगडाळ भाजून दळलेली रवाळ भरड, साजूक तूप, 5 मिलीचा छोटा चमचा, मिलीच्या खुणांचा कप, बाळाची वाटी, मार्कर.

कृती

1. बाळाला आधार देऊन बसवून बघा. मान डुगडुगत असेल किंवा बाळ वेळेआधी जन्मलं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

2. कपाने 125 मिली पाणी मोजून वाटीत ओता. वाटी लहान असेल तर मोठी घ्या. घरोघरच्या वाट्या सारख्या नसतात.

3. पाण्याच्या पातळीला बाहेरून मार्करने रेघ मारा. आतून नको, रंग अन्नात उतरेल.

4. पाणी ओतून द्या आणि हात, वाटी, चमचा साबणाने धुवा.

5. भरडीचं खिमट शिजवा. मीठ, साखर, गूळ नको. मध तर वर्षाच्या आत मुळीच नको, चाटवायलाही.

6. चमचा तिरका करून बघा. खिमट ओघळलं तर अजून आटवा. पातळ पाण्याने पोट भरतं, पोषण होत नाही.

7. अर्धा चमचा तूप घाला.

8. खिमट कोमट करा. आपल्या मनगटावर थेंब ठेवून बघितल्याशिवाय भरवू नका.

9. बाळाला ताठ बसवा. आडवं धरून भरवलं तर ठसका लागतो.

10. पहिल्या दिवशी एकदाच, दोन-तीन छोटे चमचे भरवा. जिभेने बाहेर ढकललं तर घाबरू नका, उद्या पुन्हा द्या.

11. बाळाने तोंड फिरवलं, ओठ मिटले की थांबा. मोबाइल दाखवून किंवा नाक दाबून घास कोंबू नका.

12. वाटीतलं उरलेलं टाकून द्या. उष्टं अन्न संध्याकाळसाठी ठेवू नका.

13. तीन दिवसांनी एक नवा पदार्थ द्या: नाचणीचं सत्त्व, कुस्करलेलं केळं, उकडलेलं गाजर किंवा अंडं. एका वेळी एकच. पुरळ उठलं किंवा उलट्या झाल्या तर कशाने ते कळेल.

14. आठ महिने पूर्ण होईपर्यंत वाटी हळूहळू रेघेपर्यंत न्या, दिवसातून 2 ते 3 वेळा. अंगावरचं दूध चालूच ठेवा.

15. नवव्या महिन्यापासून रेघेइतकंच, पण 3 ते 4 वेळा द्या. मिक्सर बंद करा, गुरगुट्या भात-वरण बोटांनी कुस्करा. मध्ये एक-दोनदा खाऊ द्या. अख्खे शेंगदाणे आणि द्राक्षं नकोत, घशात अडकतात.

16. वर्ष पूर्ण झालं की घरचंच जेवण, तिखट वगळून, 190 ते 250 मिलीपर्यंत वाढा, 3 ते 4 वेळा. एकदा कमी खाल्लं तर पुढच्या वेळी दुप्पट वाढू नका.

17. दर महिन्याला अंगणवाडीत वजन करून तक्त्यावर नोंदवून घ्या. रेघ वर चढतेय, तर बाळ पुरेसं खातंय; शेजारच्या बाळाची वाटी बघू नका. रेघ आडवी झाली किंवा खाली वळली, तर थेट डॉक्टरांकडे जा.