रुग्णालाही विचारू द्या



गेल्या पावसाळ्यात पाड्यावरच्या एका बाळंतिणीला भेटायला मी रुग्णालयात गेले. सलाईनची सुई लावलेला तिचा हात लाल होऊन सुजला होता. दोन दिवस ती सोसत होती. "सांगितलं का नाहीस?" मी विचारले. "ताई, सिस्टरला कसं बोलायचं? रागावतील." आदल्या दिवशी मीही तिच्याजवळ येऊन, प्रार्थना करून गेले होते, पण तिचा हात पाहिला नव्हता. सिस्टरला सांगताच त्यांनी सुई लगेच काढली. रागावल्या मुळीच नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार, गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत दाखल झालेल्या दर १०० रुग्णांपैकी १५ जणांना रुग्णालयातच नवा संसर्ग होतो. तो बहुधा हातांवाटे पसरतो. खाटेवरचा माणूस सारे पाहत असतो. पण त्याला कोणी विचारत नाही.

बार्तीमयाची गोष्ट आठवा (मार्क, अध्याय १०). लोकांनी त्याला गप्प बसायला दटावले. प्रभूने मात्र त्याला जवळ बोलावून, काय हवे ते आधी विचारले.

भेटीला गेल्यावर रुग्णाला व नातेवाइकांना एवढे सांगा:

१. तपासण्यापूर्वी कोणी हात धुतले नसतील, तर "हात धुतले का?" असे नम्रपणे विचारा. तो अपमान नव्हे.
२. सुईच्या जागी दुखले, सूज आली, पट्टी ओली झाली, तर लगेच सांगा.
३. लघवीची पिशवी कमरेच्या खाली, पण जमिनीला न टेकता ठेवा. नळी अजून हवी का, हे रोज विचारा.
४. जखमेला हात लावू नका. जेवणापूर्वी व शौचानंतर साबणाने हात धुवा.
५. सर्दी-खोकला असलेल्या पाहुण्याने घरीच थांबावे.

हे त्यांच्याच बोलीत सांगा, मग त्यांच्याकडून वदवून घ्या. नुसती मान हलली म्हणजे कळले असे नाही. आणि डॉक्टर-सिस्टरांनाही विनंती करा: "काही शंका असेल तर विचारा," असे त्यांनी स्वतः म्हणावे. त्या एका वाक्याने भीती जाते. भिणाऱ्यावर बोलण्याचे ओझे टाकून आपण मोकळे होऊ नये.

आता भेटीला गेले की मी आधी स्वतःचे हात धुते, सुईची जागा पाहते, मग प्रार्थना करते.

मननासाठी: आपल्या भेटीत रुग्ण किती बोलतो, आणि आपण किती?