आधी त्यांचं सांगून होऊ दे

अगं बाळा, सोमवारी तू आरोग्य केंद्रात रुजू होशील. ओपीडीची रांग बघून हात आधी पेनाकडे जाईल, त्याला आवर. ‘काय होतंय?’ विचारलंस की समोरचा थांबेपर्यंत मध्ये बोलायचं नाही. फार वेळ जात नाही गं, बहुतेक जण मिनिट-दोन मिनिटांत सांगून मोकळे होतात.

केसपेपरवर नुसतं ‘pain’ लिहू नकोस, त्यांचा शब्द उतरव. आपल्या माणसांना दुखणं नेमकं सांगता येतं. ठणका म्हणाले तर आत पू धरलाय का बघ. कळ येऊन जाते म्हटलं की मुतखडा, आतडं आठव. चमक निघते म्हणजे बहुधा स्नायू, नाहीतर शीर. पण पन्नाशीचा माणूस छातीवर मूठ ठेवून ‘भरून आल्यासारखं वाटतंय’ म्हणाला, तर ॲसिडिटीची गोळी देऊन घरी धाडायचं नाही. आधी ईसीजी.

बायकांच्या बाबतीत जास्त धीर धर. ‘कंबर दुखते, अशक्तपणा आहे’ एवढंच सांगतील. सोबत सासू किंवा नवरा असेल तर ‘जरा बाहेर बसता का?’ म्हण आणि मग विचार. डॉ. राणी बंगांनी गडचिरोलीच्या दोन गावांतल्या बायका तपासल्या, तेव्हा ९२ टक्के जणींना स्त्रीरोग निघाले. त्याआधी कधी अशी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये ते छापून आलं.

माझ्याकडे एक बाई कंबरेसाठी तीनदा येऊन गेली. तिन्ही वेळा मी गोळ्या लिहिल्या. चौथ्यांदा जायला उठली, दाराच्या पडद्याला हात लावला आणि तिथूनच हळू आवाजात म्हणाली, ‘डॉक्टरीणबाई, पाळी जाऊन सहा वर्षं झाली, पण डाग दिसतो.’ गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर होता. त्या तीन खेपा मला अजून सलतात. तेव्हापासून पेशंट उठायच्या आत मी विचारते, ‘आणखी काही सांगायचं राहिलं का?’ आणि विचारून लगेच लिहायला लागत नाही, तोंडाकडे बघत थांबते.

औषध देताना ‘समजलं ना?’ नको, सगळे ‘हो’ म्हणतात. ‘घरी गेल्यावर ही गोळी कधी घ्याल, मला सांगा बरं,’ असं म्हण. चुकलं तर पुन्हा समजाव, आवाज न चढवता.

आणि पेशंटचं स्टूल टेबलापलीकडे असेल, तर पहिल्याच दिवशी उचलून तुझ्या खुर्चीशेजारी घे. हळू बोललेलं तिथूनच ऐकू येतं.