एकवीस किलोमीटरची धाव

पहाटे पाचला मी कालव्याच्या रस्त्याने पळू लागलो, तेव्हा गावात दोन बातम्या उठल्या. एक, हेडमास्तरांच्या मागे कुत्रे लागले आहे. दुसरी, हेडमास्तरांचे डोके फिरले आहे.

दोन्ही खोट्या होत्या. आरोग्य केंद्रात माझा रक्तदाब मोजला, तो वाढलेला निघाला. डॉक्टरीणबाईंनी गोळी दिली आणि रोज चालायला सांगितले. चालता चालता मी हळूहळू पळू लागलो. पळता पळता एक दिवस साताऱ्याच्या अर्ध्या मॅरेथॉनमध्ये नाव घालून बसलो. बाईंनी पुन्हा तपासून परवानगी दिली, तेव्हाच हे केले.

आता मॅरेथॉन म्हणजे काय ते पाहू.

ग्रीस देशात मॅरेथॉन नावाचे गाव आहे. इसवी सनापूर्वी ४९० साली तिथे मोठी लढाई झाली. जिंकल्याचा निरोप घेऊन एक माणूस अथेन्स शहरापर्यंत धावत गेला, निरोप सांगितला आणि तिथेच कोसळून मेला, अशी दंतकथा आहे. तिची आठवण म्हणून १८९६ साली ऑलिंपिक खेळात त्या गावापासून अथेन्सपर्यंत शर्यत लावली. ते अंतर सुमारे ४० किलोमीटर होते. १९०८ साली लंडनच्या खेळात ते ४२ किलोमीटर १९५ मीटर झाले, आणि पुढे १९२१ साली तेच कायमचे ठरले. त्याच्या निम्मे म्हणजे २१ किलोमीटर आणि साडेसत्त्याण्णव मीटर. हीच अर्धी मॅरेथॉन.

१८९६ च्या त्या शर्यतीत मोठी गंमत झाली. ऑस्ट्रेलियाचा एडविन फ्लॅक नावाचा गडी धावत होता. त्याने आधीच ८०० मीटरची आणि १५०० मीटरची अशा दोन्ही शर्यती जिंकल्या होत्या. फ्रान्सचाही एक चपळ गडी होता. तो सुरुवातीलाच सगळ्यांच्या पुढे सुटला, आणि दमून मध्येच थांबला. मग फ्लॅक पुढे आला. थोडे किलोमीटर राहिले असताना तोही झोकांड्या खाऊ लागला. त्यालाही शर्यत सोडावी लागली. जिंकला कोण? स्पिरिडॉन लुईस. मारूसी गावचा साधा माणूस. बापाबरोबर अथेन्स शहरात पाणी पोचवायचे, हा त्याचा धंदा. तो तीन तासांच्या आत पोचला.

ही गोष्ट मला ठाऊक होती. तरी ती मी माझ्या पुतण्याला वेळेवर सांगितली नाही. त्याची चुटपुट मला अजून आहे.

पुतण्या तेव्हा सैन्यभरतीची तयारी करीत होता. भरतीत १६०० मीटर धावावे लागते. मैदानाच्या चार फेऱ्या. त्यात गावात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. मी नाव घातले हे कळल्यावर त्यानेही घातले. पारावर चार माणसांत मला म्हणाला, “तात्या, तुम्ही पळता का रांगता? मी वर जाऊन खाली येईन, तवर तुम्ही निम्म्यात असाल.”

माणसे हसली. मला राग आला. मी मनात म्हटले, जा बाबा, कळेल. चाळीस वर्षे पोरांना शिकवले आणि घरच्या पोराला शिकवायच्या वेळी तोंड मिटून बसलो.

हिशेब साधा आहे. एकवीस किलोमीटर म्हणजे भरतीच्या धावेच्या तेरा पटींहून जास्त. त्यातून साताऱ्याची वाट घाटाची. ही शर्यत २०१२ साली सुरू झाली. शहरातून यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्याने पुढे जायचे आणि आल्या वाटेने परत उतरायचे. पाऊस, धुके, गार वारा. हजारो माणसे असतात. त्यांतली बहुतेक हौशी, म्हणजे बक्षिसासाठी नव्हे, आपल्या समाधानासाठी धावणारी. बायका असतात, माझ्यासारखे म्हातारे असतात.

शर्यत सुटली आणि पुतण्या बाणासारखा गेला. मी मागच्या घोळक्यात. घाट चढताना मी थोडे पळत होतो, थोडे चालत होतो. माथ्यावरून परत फिरलो, तोवर तो मला समोरून कधीच येऊन गेला होता. मला वाटले, पोरगा बोलल्याप्रमाणे करतो बहुतेक.

उतारावर, सतराव्या किलोमीटरच्या आसपास, तो मला कठड्यावर बसलेला दिसला. तोंड पांढरे पडलेले. दोन्ही हातांनी मांडी धरलेली.

“काय झालं रे?”

“तात्या, मांडीत काहीतरी तुटल्यागत झालं. पाय टेकवत नाही.”

शर्यतीतली मदतीची माणसे आली. त्यांनी बर्फ लावला, त्याला गाडीत बसवले. मी सोबत बसू लागलो, तर त्याने बसू दिले नाही. “तुम्ही जावा,” म्हणाला, “घरातल्या एकानं तरी पुरी करावी.” मी तीन तास आणि काही मिनिटांनी पोचलो. पदक गळ्यात पडले, पण माझे लक्ष दवाखान्याकडे होते.

मांडीचा स्नायू फाटला होता. भरतीला दोन महिने उरले होते. दुखणे पुरते बरे होण्याआधीच तो मैदानात उभा राहिला. तीन फेऱ्या नीट गेल्या. चौथीत पाय ओढू लागला आणि थोड्या सेकंदांनी संधी हुकली. पुढच्या भरतीपर्यंत वय निघून गेले.

हे का झाले? चुलीकडे पाहा. पाचटाचा जाळ भडकतो आणि लगेच विझतो. ओंडका सावकाश जळतो, रात्रभर पुरतो. आपल्या अंगातही दोन तऱ्हांचे जळण आहे. भात-भाकरीची साखर यकृतात आणि स्नायूंत साठवलेली असते. ती थोडी असते. चरबी पुष्कळ असते, अगदी किडकिडीत माणसातही. जोरात पळाले की साखर भराभर जळते आणि संपत येते. हळू पळाले की चरबीही कामाला येते आणि साखर शेवटपर्यंत पुरते. पुतण्याने पहिल्या तासातच पाचट पेटवून दिले.

दुसरे कारण उताराचे. चढाने दम लागतो, म्हणून माणूस चढाला भितो. पण स्नायू फाटतात ते बहुधा उतरताना. भरलेली गाडी उताराला बैलांच्या अंगावर येते, तसे सगळे अंग मांड्यांवर येते. थकलेल्या मांड्यांना ते पेलत नाही. उताराला पावले लहान टाकावीत.

तुम्ही म्हणाल, आम्ही दिवसभर रानात राबतो, आम्हाला सराव कशाला? मीही तसेच म्हणत होतो. राबणाऱ्याला दम असतो, हे खरे. पण पळताना दर पावलाला गुडघ्यावर आणि घोट्यावर दणका बसतो. त्याची सवय वेगळी. दम दोन महिन्यांत वाढतो. सांध्यांच्या शिरा घट्ट व्हायला त्याहून जास्त वेळ लागतो. म्हणून पाच-सहा महिने हाताशी ठेवा. आधी एक मिनिट पळा, दोन मिनिटे चाला. आठवड्यातून तीन-चार दिवस पुरे. त्यांतला एक दिवस लांब पळण्याचा. त्या दिवशी दर वेळी एखादाच किलोमीटर वाढवा. सोळा-सतरा किलोमीटर सहज जमले की शर्यत जमते. शेवटचे दोन आठवडे पळणे कमी करा. बूट महागाचा नको, पण पायाला नीट बसणारा हवा. शर्यतीच्या दिवशी कोरा बूट घालू नका. एकाने घातला होता, त्याच्या टाचांची सोलवटे मी पाहिली आहेत.

पाणी तहानेप्रमाणे घोटघोट प्यावे. तांब्याने ओतू नये. फार पाणी प्यायल्यास रक्तातले मीठ पातळ होते, आणि त्यानेही माणूस बेशुद्ध पडतो. छातीत दुखले, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर तिथेच थांबावे. पदकाचा विचार करू नये.

आपण फार जोरात पळतो की काय, हे कसे ओळखावे? पळताना शेजारच्याशी बोलता आले पाहिजे. मी एकटाच पळायचो, बोलणार कोणाशी? म्हणून सतराचा पाढा मोठ्याने म्हणत असे. सतरा पंचे पंच्याऐंशीला धाप लागली की वेग कमी करायचा.

पुतण्या आता गावातल्या मुलामुलींना भरतीसाठी पळवतो. चार दिवस चपळाईचे, एक दिवस लांब पळण्याचा. त्या दिवशी कालव्यावर पाढ्याची सक्ती आहे. मी ओट्यावर चहा घेत ऐकत असतो. पहिल्या आठवड्यात निम्मी पोरे सतरा त्रिक एक्कावन्नलाच गप्प होतात. मग अंधारातून त्याचा आवाज येतो, “हळू! म्हणा पहिल्यापासनं.”