महाविद्यालयात समुपदेशक का हवा?

ताप आला की आपण घरी सांगतो, डॉक्टरांकडे जातो. दोन दिवस तास बुडाले तरी कोणी हसत नाही. परंतु रात्र रात्र झोप लागत नाही, पुस्तक उघडले की छाती धडधडते, चारचौघांत बसावेसे वाटत नाही, हे सांगायची वेळ आली की जीभ अडखळते. लोक वेडा म्हणतील अशी भीती वाटते. शरीराच्या दुखण्याला औषध आणि मनाच्या दुखण्याला नुसता उपदेश, अशी आपल्याकडची रीत आहे.

गेल्या वर्षी वसतिगृहात माझ्या खोलीत राहणारा मित्र पहिल्या सत्रात दोन विषयांत नापास झाला. माझ्याप्रमाणेच तोही घरातून कॉलेजात आलेला पहिलाच. एटीकेटी म्हणजे काय, हे त्याला वडिलांना समजावून सांगता येईना. त्याने आधी तासाला येणे सोडले, मग मेसला येणे सोडले. आम्ही "मन खंबीर कर" एवढेच म्हणत राहिलो. एके दिवशी तो ट्रंक घेऊन गावी गेला, तो परत आलाच नाही. ज्यांच्या घरात कॉलेजचे जग कोणालाच ठाऊक नाही, त्यांना जाणत्या माणसाचा आधार कॉलेजातच मिळायला हवा, हे मला तेव्हा कळले.

हा प्रश्न एकट्यादुकट्याचा नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांचा आत्महत्येने मृत्यू झाला. त्यांत सर्वाधिक विद्यार्थी आपल्या महाराष्ट्रातील होते.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचार मिळण्याचा आणि ते गुप्त राहण्याचा हक्क दिला आहे. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी शिक्षणसंस्थांसाठी पंधरा मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ अथवा सामाजिक कार्यकर्ता असावा, मदतीचे दूरध्वनी क्रमांक ठळक अक्षरांत लावावेत आणि सर्व कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्यावे, असे त्यांत म्हटले आहे. तेव्हा समुपदेशक मागणे म्हणजे सवलत मागणे नव्हे.

यंदा आमच्या वर्गाने या आधारावर प्राचार्यांना निवेदन दिले. काहींनी सही करण्यास नकार दिला. सही केली तर आपल्यालाच काहीतरी झाले आहे असे लोक समजतील, असे त्यांना वाटले. त्यांना दोष देता येत नाही. कक्ष का हवा, याचे उत्तर त्यांच्या या भीतीतच आहे.

मानसशास्त्राचे प्राध्यापक आहेतच, मग वेगळा समुपदेशक कशाला, असाही प्रश्न निघाला. प्राध्यापकांविषयी आम्हाला आदर आहे. परंतु जे आपली उत्तरपत्रिका तपासतात, त्यांच्यापुढे मन मोकळे करणे अवघड जाते. शिवाय शिकवणे आणि समुपदेशन करणे ही दोन वेगळी कामे आहेत. कक्ष कार्यालयाला लागून नसावा, वेळ ठरलेली असावी, बोलणे मराठीतून व्हावे आणि विद्यार्थ्याचे नाव बाहेर जाऊ नये, एवढीच आमची मागणी आहे. प्राचार्यांनी निवेदन व्यवस्थापनाकडे पाठविले आहे. आम्ही उत्तराची वाट पाहत आहोत आणि पाठपुरावाही सोडणार नाही.

विद्यार्थी मित्रहो, तोपर्यंत १४४१६ हा टेलि-मानसचा क्रमांक वहीत लिहून ठेवा. ही शासनाची सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. ती विनामूल्य आहे, रात्रंदिवस चालते आणि तेथे मराठीतही बोलता येते. शेजारच्या बाकावरचा सोबती आठवडाभर दिसला नाही तर त्याच्या खोलीवर जा. त्याला उपदेश करू नका, आधी त्याचे ऐकून घ्या. आम्हाला ही गोष्ट एक वर्ष उशिरा समजली.