धूर आणि मांसाचें रक्षण

गोमंतकांतील ख्रिस्ती कुटुंबांत पावसाळ्याच्या बेगमीसाठीं चोरिस करण्याची जुनी चाल आहे. डुकराच्या मांसाचे तुकडे मीठ, मिरची, मसाला व व्हिनेगर यांत मुरवून आंतड्यांत भरतात. त्या माळा उन्हांत वाळवून चुलीच्या धुरांत टांगतात. त्या महिनोन्‌महिने टिकतात. परंतु हें श्रेय एकट्या धुराचें नव्हे. मीठ व ऊन पाणी ओढून घेतात, आंबटपणा जंतूंची वाढ रोखतो. धूर मुख्यतः वरच्या थराचें रक्षण करतो.

नागपुरांत अंगणांत धुराची भट्टी मांडणारांनीं हा भेद ध्यानीं धरावा. तींत लांकडें बाजूच्या पेटींत जळतात. धूर व ऊब शेजारच्या पिंपांतून जाऊन धुराड्यानें निघतात. संत्र्याचें वाळलेलें लांकूड त्यास चांगलें. पिंपांत सुमारें ११० अंश सेल्सिअस उष्णता राखावी. येथें वाळवण नसल्यानें धूर चव देतो, टिकाऊपणा देत नाहीं. म्हणून तांबूस रंगावर भुलूं नये. कोंबडीचा सर्वांत जाड भाग आंतून ७४ अंश तापला कीं नाहीं, तें उष्णतामापकानें पाहावें; उरलेलें मांस वैशाखांत तासाभराच्या आंत शीतकपाटांत ठेवावें.

मुलांनो, रीत उचलतांना तिचें कारणहि समजून घ्यावें. अर्धी रीत घातक ठरते.