जुन्या कॉम्प्युटरला दुसरी हार्ड डिस्क कशी जोडायची? (आणि जुना डेटा कसा वाचवायचा)

व्हिडिओमध्ये कॅबिनेट उघडून सगळं दाखवलंच आहे. पण काम करताना व्हिडिओ सारखा मागे-पुढे करावा लागतो, म्हणून सगळ्या पायऱ्या इथे लिहून देतोय. मोबाईलवर हे पान उघडून समोर ठेवा.

एक गोष्ट आधीच सांगतो. स्क्रू आणि केबल हा भाग सोपा आहे, अर्ध्या तासात होतो. नुकसान होतं ते शेवटच्या पाच मिनिटांत, विंडोजमध्ये. दुकानात येणारी एक नेहमीची तक्रार म्हणजे, "नवी डिस्क लावली, पण फॉरमॅट जुनीच झाली. लग्नाचे फोटो परत येतील का?" आपल्याला ती वेळ येऊ द्यायची नाही.

दुसरी डिस्क कोणाला लागते?

घरच्या कॉम्प्युटरवर दुकानाची बिलं, टॅलीचा डेटा, झेरॉक्स-ऑनलाइन फॉर्मचे स्कॅन, फोटो असं सगळं एकत्र असतं. जागा संपली की माणूस जुन्या फाइली उडवायला लागतो. जीएसटी नंबर असेल तर तसं करू नका. हिशोबाची कागदपत्रं वार्षिक रिटर्न भरायच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने, म्हणजे सहा वर्षं, सांभाळावी लागतात.

मात्र तुमची अडचण फक्त 'कॉम्प्युटर स्लो आहे' एवढीच असेल, तर साधी दुसरी डिस्क लावून वेग वाढणार नाही. त्यासाठी एसएसडी घेऊन तिच्यावर विंडोज टाकावं लागतं.

खरेदीच्या आधी कॅबिनेट उघडून बघा

माकणीहून लातूर किंवा सोलापूरला जायचं म्हणजे दिवस मोडतो. म्हणून आधी या चार गोष्टी तपासा:

१. जुन्या डिस्कची केबल कशी आहे? बारीक केबल आणि एल आकाराचं टोक असेल तर ती साटा. रुंद, चपटी पट्टी असेल तर ती जुनी आयडीई. फक्त आयडीई असेल तर खर्च करू नका, बाहेरून यूएसबीने लागणारी डिस्क घ्या.
२. मदरबोर्डवर साटाचा एक पोर्ट रिकामा आहे का?
३. एसएमपीएसमधून आलेली साटा पॉवरची एक पिन मोकळी आहे का? नसेल तर कन्व्हर्टर मिळतो. तो चांगल्या प्रतीचा घ्या, हलका कन्व्हर्टर तापतो.
४. डिस्क बसवायला खाचा रिकामा आहे का?

मग साडेतीन इंची साटा डिस्क, एक साटा डेटा केबल आणि चार स्क्रू आणा. नवीन साटा डिस्क जुन्या पोर्टवरही चालते, फक्त वेग जुन्या पोर्टचा मिळतो.

जोडायच्या आधी

महत्त्वाच्या फाइली पेनड्राइव्हवर कॉपी करा. क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत सॉफ्टवेअरमध्ये जुन्या डिस्कची तब्येत बघा. 'गुड' असेल तर पुढे चला. 'कॉशन' किंवा 'बॅड' दिसलं, किंवा डिस्कमधून टक-टक आवाज येत असेल, तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी डेटा काढून घ्या.

जोडणी

१. कॉम्प्युटर शटडाउन करा, बटण बंद करा, पिन काढा. मग पॉवरचं बटण पाच सेकंद दाबून धरा, उरलेला करंट निघून जातो.
२. मागचे स्क्रू काढून कॅबिनेट उघडा. मऊ ब्रशने धूळ झाडा. ब्लोअर वापरत असाल तर फॅन बोटाने धरून ठेवा.
३. डिस्कला हात लावण्याआधी कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावा, अंगातली स्टॅटिक उतरते.
४. डिस्क खाचात सरकवून दोन्ही बाजूंनी दोन-दोन स्क्रू लावा. लोंबकळती ठेवू नका, ती आत फिरत असते.
५. डेटा केबल आणि पॉवर केबल लावा. टोक एकाच बाजूने बसतं, जोर करू नका. जुन्या डिस्कची केबल होती तिथेच राहू द्या.
६. कॉम्प्युटर सुरू करून डिलीट किंवा एफ२ दाबा. बायोसमध्ये दोन्ही डिस्क दिसल्या पाहिजेत. बूट ऑर्डरमध्ये जुनी डिस्क वर ठेवा. आयडीई-एएचसीआय मोडला हात लावू नका, नाहीतर विंडोज सुरूच होणार नाही.

ती शेवटची पाच मिनिटं

'धिस पीसी' (विंडोज ७ मध्ये 'कॉम्प्युटर') वर राइट क्लिक, मॅनेज, मग डिस्क मॅनेजमेंट. नवी डिस्क इनिशियलाइज करायची का, असं विचारेल. २ टीबीपेक्षा मोठी डिस्क असेल तर जीपीटी, नाहीतर एमबीआरही चालेल.

आता थांबा. कोणती डिस्क कोणती, हे नंबरवरून ठरवू नका, डिस्क ० नेहमी जुनीच असेल असं नाही. दोन खुणा बघा. जिच्यावर सी ड्राइव्ह आहे ती जुनी. जिच्यावर काळी पट्टी आणि 'अनअलोकेटेड' लिहिलंय ती नवी. साइजही जुळवा: १ टीबीची डिस्क ९३१ जीबी दिसते, ५०० जीबीची ४६५. हे बरोबरच आहे, दुकानदाराने फसवलेलं नाही.

खात्री झाली की काळ्या पट्टीवर राइट क्लिक, न्यू सिंपल व्हॉल्यूम, एनटीएफएस. ड्राइव्हला 'दुकान' किंवा 'फोटो' असं नाव द्या, पुढे गोंधळ होत नाही.

आणि डेटा असलेल्या कुठल्याही डिस्कवर 'वापरण्याआधी फॉरमॅट करा' असा मेसेज आला, तर कॅन्सल करा. फॉरमॅट दाबू नका.

फाइली हलवताना

कट-पेस्ट नको. आधी कॉपी करा, नव्या डिस्कवरच्या पाच-दहा फाइली उघडून बघा, मगच जुन्या उडवा. टॅलीचा डेटा हलवल्यावर टॅलीमध्ये डेटाचा नवीन पाथ द्यायला विसरू नका.

शेवटचं. दुसरी डिस्क म्हणजे जागा, सुरक्षितता नव्हे. दोन्ही डिस्क एकाच कॅबिनेटमध्ये आणि एकाच एसएमपीएसवर आहेत. पावसाळ्यात वीज पडली किंवा लाइट जास्त दाबाने आली, तर दोन्ही एकदम जाऊ शकतात. म्हणून हिशोबाची आणि फोटोंची एक कॉपी यूएसबी डिस्कवर घ्या आणि ती कपाटात ठेवा. महिन्यातून एकदा, तारीख ठरवून.

काम करताना अडलात तर डिस्क मॅनेजमेंटच्या स्क्रीनचा फोटो काढा आणि व्हिडिओखाली विचारा. उत्तर येईपर्यंत काहीही क्लिक करू नका.